उरलेलं नेट

संध्याकाळची जेवणं झाली की आई टोपल्यात पोळ्या किती राहिल्या ते बघते आणि मग माझ्याकडे वळून विचारते, "अन् तुह्यं किती उरलं वं?"

ती नेटबद्दल विचारत असते. आमच्या रिचार्जवर दिवसाला दीड जीबी मिळतं. दिवस संपला की उरलेलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवं दीड जीबी येतं. हे मीच तिला समजावून सांगितलं होतं. तिने ते आपल्या पद्धतीने समजून घेतलं. जे आजचं उद्याला चालत नाही ते शिळं, असा तिचा साधा हिशेब. शिळं नेट हा शब्द तिचाच. आता आमच्या गल्लीत चार घरांत तो सर्रास वापरतात.

पोळ्या उरल्या तर सकाळी त्यांचा कुस्करा होतो. भात उरला तर फोडणी पडते. नेटचं काहीच करता येत नाही, म्हणून ते त्याच दिवशी संपवलं पाहिजे असं आईचं ठाम मत आहे. तिचा स्वतःचा फोन बटणांचा. मग ती माझा फोन घेऊन पलंगावर बसते आणि दिसेल ते बघते. ब्लाउजच्या बाह्या कशा कापायच्या, कुणाच्या तरी घरातला फ्रिज कसा आवरला, केकवर क्रीम कसं चढवतात. आमच्याकडे ओव्हन नाही आणि आई केक खातही नाही, पण ते क्रीम गुळगुळीत होईपर्यंत ती नजर हलवत नाही. मध्ये कधीतरी तिला असंही समजलं की व्हिडिओच्या कोपऱ्यात एक चाक असतं, ते दाबून चित्र एकदम स्पष्ट करून घेतलं की नेट भराभर संपतं. झोप येत असेल त्या दिवशी ती ते चाक दाबते.

मी तिला कधी अडवलं नाही. मला दिवसभरात नेट फारसं लागायचंच नाही. मी कुणाशी बोलत नसे.

याला कारण माझा स्वभाव आहे, आणि थोडी शाळाही असेल. आम्ही बोरी अरबला राहतो, पण मला बाबांनी दारव्ह्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. रोज व्हॅनने जायचं, व्हॅनने यायचं. शाळेत माझं इंग्रजी चुकायचं आणि गल्लीत मराठी. कुणी एकोणसाठ म्हटलं की ते पन्नासमधलं की साठमधलं हे मला अजून मनात ताडून बघावं लागतं. दोन्हीकडे चूक काढणारे होते, तेव्हा गप्प बसणं सोयीचं पडलं. ती सवय यवतमाळच्या कॉलेजातही सुटली नाही.

गल्लीत माझा उपयोग मात्र होता. कंपनीचे मेसेज इंग्रजीत येतात, आणि ते वाचून घ्यायला लोक माझ्याकडे येत. फोन पुढे करायचे, मी वाचायचे आणि सांगायचे की अर्धं नेट संपलंय, किंवा रिचार्ज परवा संपतोय, किंवा काही नाही, जाहिरात आहे. दुसऱ्याचा मेसेज वाचायला मला लाज वाटत नसे, कारण त्यात माझं काही नसायचं.

सगळ्यात जास्त यायची ती याडी. आमच्या घराच्या भिंतीला लागूनच तिचं घर. याडी म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत आई. तिचा मुलगा तिला याडी म्हणायचा, ते ऐकून सगळी गल्लीच म्हणायला लागली. त्यांची शेती तांड्याकडे आहे, तिचे यजमान दिवसभर तिकडेच असतात. मुलगा, सून आणि नात पुण्याकडे, बांधकामाच्या साइटवर. मुलाने तिला मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन दिला, तो केवळ नातीचं तोंड दिसावं म्हणून.

याडी नेटच्या बाबतीत आईच्या अगदी उलट. तिचा रिचार्ज लहान, दिवसाला एकच जीबी. ती दिवसभर नेट बंद ठेवायची आणि संध्याकाळी मुलगा कामावरून आला की चालू करायची. नेट बंद कसं करायचं ते तिने माझ्याकडूनच शिकून घेतलं होतं. नात नुकती बोलायला लागली होती. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्या दोघींचं चालायचं. नात एक शब्द म्हणायची, याडी तोच शब्द परत म्हणायची, आणि मग दोघी हसायच्या.

कधी कुणाचं नेट संपलं तर आमच्याकडे "मले जरा जोड" म्हणतात. म्हणजे तुझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू कर आणि मला त्यावर घे. विरजण मागावं तितक्या सहज हे मागतात, आणि नाही कुणी म्हणत नाही. फरक एवढाच की विरजण वाटीत घेऊन घरी येता येतं. नेट घरी आणता येत नाही. देणाऱ्याने आपला फोन घेऊन जवळ बसावं लागतं, तो उठून गेला की नेट त्याच्यासोबत जातं. म्हणून मागणाऱ्याने आपलं जे काय असेल ते त्याच्यासमोरच उरकायचं असतं. मुलगी बघायला येणारे कोण, कुणाच्या खात्यात काय आलं, भावाभावांत काय बिनसलं, हे गल्लीला असंच कळतं.

मी कधी कुणाला जोड म्हटलं नव्हतं.

त्या थंडीत बाबांनी माझं पुण्याला जायचं ठरवत आणलं होतं. आत्याची मुलगी तिकडे एका कॉल सेंटरमध्ये आहे. तिच्या खोलीत एक खाट रिकामी होणार होती. संक्रांत झाली की जायचं, असं बोलणं झालं होतं. मला विचारलं होतं, आणि मी हो किंवा नाही असं काहीच म्हटलं नव्हतं, त्याचा अर्थ घरात हो असा झाला. मला जायचं नव्हतं. चार मुलींच्या खोलीत राहायचं आणि दिवसभर अनोळखी, चिडलेल्या माणसांशी फोनवर बोलायचं, हे मला जमणारं नव्हतं.

मग मी एका ठिकाणी अर्ज केला. लहान मुलांना व्हिडिओवर इंग्रजी गोष्टी वाचून दाखवायच्या, शब्द समजावायचे, असं घरून करायचं काम होतं. त्यांनी मुलाखतीला बोलावलं. दुपारी चार वाजता, लॅपटॉपवर, कॅमेरा चालू ठेवून. हे मिळालं तर पुणे टळलं असतं. नाही मिळालं तर संक्रांतीनंतर बॅग भरायची होती.

मी घरात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नंतर विचारलं असतं, काय झालं म्हणून. न सांगितलेली गोष्ट फसली तर ती फक्त आपल्यापाशी फसते.

त्या दिवशी सकाळपासून मी फोनचं नेट बंद ठेवलं होतं. दीड जीबी पूर्ण शिल्लक होतं. जेवण झाल्यावर मी केस धुवायला गेले आणि मग मागच्या अंगणात उन्हात केस वाळवत मनातल्या मनात उत्तरं म्हणत बसले. आत आले तेव्हा तीन वाजून गेले होते. आई पलंगावर बसली होती. संध्याकाळी दारव्ह्याला नात्यातल्या एका मुलीची हळद होती, त्यासाठी तिने साडी काढून ठेवली होती. माझा फोन तिच्या हातात होता आणि चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान.

"संध्याकाळी हळदीले जाऊ त मंग कोण पाह्यते?" ती म्हणाली. "म्हणून म्या आताच संपवून टाकलं सगळं."

तिने चाक दाबून दाखवलं. सगळ्यात वरचा आकडा निवडलेला होता. त्याखाली कुठल्यातरी मोठ्या घरच्या लग्नाचा व्हिडिओ अडकून पडला होता, नवरीचा हात हवेत तसाच. वर कंपनीचा मेसेज होता. आजचा तुमचा डेटा शंभर टक्के वापरून झाला आहे.

मी फोन घेतला आणि जास्तीच्या डेटाचं व्हाउचर मारायला गेले. पण त्याचे पैसे फोनवरूनच भरायचे होते, आणि नेट संपल्यावर जे रांगतं नेट मिळतं त्यावर पैशांचं गोल चक्र नुसतं फिरत राहिलं. चप्पल घालून स्टँडजवळच्या रिचार्जच्या दुकानापर्यंत गेले. शटर अर्धं खाली होतं. बाजूचा चहावाला म्हणाला की तो जेवायला घरी गेला, पाचपर्यंत येईल. बाबांचा फोन बाबांसोबत शेतात होता.

परत येताना याडी तिच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली दिसली. फोन तिच्या मांडीजवळ, पदराखाली. त्यात नेट आहे हे मला माहीत होतं, आणि ते कशासाठी आहे तेही. मी तिच्यासमोरून एकदा पुढे गेले. मग परत आले.

तिने वर बघितलं. "काय पाह्यजे छोरी?"

"याडी," मी म्हटलं, "मले जरा जोड."

तिने कशासाठी म्हणून विचारलं नाही. शेंगांच्या सुपासकट थोडी सरकली आणि मला ओट्यावर जागा करून दिली.

मी घरातून लॅपटॉप आणि एक खुर्ची आणली. लॅपटॉप खुर्चीवर ठेवला आणि मागे भिंत येईल अशी खाली बसले. याडी माझ्यासमोर, लॅपटॉपच्या पलीकडे, हातभर अंतरावर. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या, बोलायचं नाही आणि उठायचं नाही. तिने मान डोलावली आणि तोंडावर पदर घेतला.

मुलाखत घेणाऱ्या बाई वयाने माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. छान, हळू बोलायच्या. त्यांनी शिक्षण विचारलं, मी सांगितलं. हे काम का करायचंय विचारलं, त्याचं पाठ केलेलं उत्तर मी दिलं आणि देतानाच मला ते पाठ केल्यासारखं ऐकू आलं. मग त्यांनी पडद्यावर एक गोष्ट उघडली. मी सहा वर्षांची आहे असं समजा, त्या म्हणाल्या, आणि मला वाचून दाखवा.

गोष्ट एका कासवाची होती, जे पावसाला घाबरतं. मी वाचायला लागले. उच्चार बरोबर होते, विराम बरोबर होते, आणि वाचन अगदी बातम्यांसारखं होत होतं. ते मला कळत होतं, पण त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघून मला त्या सहा वर्षांच्या काही केल्या वाटेनात. एका ओळीच्या मध्येच मी थांबले आणि नजर वर गेली.

याडीचे हात सुपात थांबले होते. तिला इंग्रजीचं एक अक्षर कळत नाही. पण तोंडावरचा पदर खाली आला होता आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, की पुढे काय झालं ते मी आता सांगणार आहे आणि ती त्यासाठी थांबलीय.

मी पुढचं तिला वाचून दाखवलं. कासव मान आत घेतं तिथे मी मान आत घेतली. ढग गडगडले तिथे तिने भुवया उंचावल्या. शेवटी कासव बाहेर येतं आणि चिखलात पाय टाकतं, तिथे तिच्या तोंडून हलकंच हूं निघालं, बोलायचं नाही असं ठरलेलं असताना.

मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही कुणाला वाचून दाखवत होता?"

घरी कुणीतरी आहे, असं काहीतरी मी सांगू शकले असते. पण मी खरं सांगितलं. माझं नेट संपलं, हे शेजारच्या याडीचं आहे, ती समोर बसली नाही तर ते चालत नाही. एवढं सलग मी कुणा अनोळखी माणसाशी पहिल्यांदाच बोलले असेन. बाई हसल्या आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

तिथेच चित्र थांबलं. बाईंचं तोंड उघडं, हात केसांकडे जाताजाता अडकलेला. मी वाट बघितली. मग पडद्यावर ओळ आली की कनेक्शन तुटलं आहे.

याडीच्या फोनवर टुंग वाजलं. तिने सवयीने फोन माझ्यापुढे धरला. "काय म्हणते?"

मेसेज एकच ओळीचा होता. तरी मी तो दोनदा वाचला. मुलाखतीने एवढं जायला नको होतं. नंतर बघितलं तेव्हा कळलं, की माझ्या लॅपटॉपला बऱ्याच दिवसांनी वाय-फाय दिसलं होतं, आणि मी बोलत असताना तो मागे स्वतःचं अपडेट उतरवून घेत होता.

"याडी, तुमचं नेट संपलं," मी म्हटलं. "सगळं."

तिने फोन उलटसुलट करून बघितला, जसं काही ते कुठे सांडलं असेल. "आजचं?"

"आजचं."

"मंग उद्या येईन न?"

"उद्या येईल."

"मंग होऊ दे," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज नात चालून दाखवणार होती. काल म्हणे चार पावलं चालली."

मी घरात आले. आई साडी नेसून तयार होती, जीप साडेपाचला निघणार होती. मी म्हटलं की मी हळदीला येत नाही. तिने डोकं दुखतं का विचारलं, मी नाही म्हटलं. मग मी तिला सगळं सांगितलं, अर्ज केला तिथपासून. ती पलंगावर बसली. निऱ्या नीट करत राहिली, त्या नीटच होत्या तरी.

"मले सांगतलं असतं त म्या फोनले हात लावला असता काय?"

मी लॅपटॉप बंद करून कपाटावर ठेवला.

"काहून नाही सांगतलं वं?"

"झालं नसतं तर तुम्ही विचारलं असतं," मी म्हटलं.

"इचारलं असतं त काय झालं असतं?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला, शेजारणी हाका मारत होत्या. आई उठली, दारात थांबली, म्हणाली की दुकान उघडलं असेल, आधी याडीचं काम कर. मग गेली.

दुकान उघडलं होतं. मी याडीच्या नंबरवर जास्तीचं व्हाउचर मारून घेतलं. दुकानदाराने विचारलं की आज तुम्हीच आल्या, बाबा नाही आले? मी म्हटलं, शेतात आहेत. परत येईपर्यंत दिवे लागले होते. याडीला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना, ती म्हणाली आजचं त संपलं न. मी नेट चालू करून दिलं, आणि तिने मला हाताला धरून बाजूला बसवून घेतलं.

पुण्यातल्या पत्र्याच्या खोलीत नात आईचा हात सोडून चालली. दोन पावलं टाकली आणि बसली. याडीने तेवढ्यावर एवढा आनंद केला की पलीकडची तिघंही हसायला लागली. मग तिने त्यांच्या बोलीत माझ्याबद्दल काहीतरी सांगितलं. मला सगळं कळलं नाही, पण तिने मान आत घेऊन दाखवली तेव्हा ते कासव होतं हे कळलं.

बाईंना मी त्याच रात्री मेल लिहिला, मध्येच तुटलं त्याबद्दल. उत्तर लगेच आलं नाही. त्या दिवसांत आईने एकदाही विचारलं नाही, आणि ती विचारत नाहीये हे मला पूर्ण वेळ जाणवत होतं. याडी मात्र रोज सकाळी विचारायची, आला का मेसेज, आणि मी नाही म्हणायचे, आणि ती म्हणायची येईन. विचारलं की वाटतं तेवढं वाईट वाटत नाही, हे मला तिच्या विचारण्यामुळे कळलं.

संक्रांतीच्या आधी उत्तर आलं. त्यांनी मला घेतलं होतं, पहिले तीन महिने बघण्यापुरते. रोज संध्याकाळी दोन तास. एकच अट होती, नेट पक्कं हवं, मध्ये तुटणारं चालणार नाही. तशी सोय होईल का ते कळवा, असं लिहिलं होतं.

दिवसाच्या दीड जीबीत ते बसणार नव्हतं. घरात नेटची तार घ्यावी लागणार होती. स्टँडकडच्या काही घरांत ती आली आहे, आमच्या गल्लीत अजून नव्हती. आणि हे बाबांना सांगावं लागणार होतं, ज्यांनी आत्याला पुण्याचं कळवून टाकलं होतं.

मी रात्री जेवताना सांगितलं. बाबा जेवत राहिले. बाबा चिडत नाहीत, त्यांना वेळ लागतो. भाजी पुन्हा वाढून घेतली, पोळीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात धरला.

"तिथं रोज बोलावं लागन न?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नव्या लोकायसोबत?"

"लहान मुलं असतात."

"लहान असो का मोठे. दोन घंटे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू बोलशीन?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं त्यांच्यासमोर जेवत होते आणि हे त्यांना माहीत असायला मी काही कारण दिलं नव्हतं.

मी बोलीन म्हणणार, त्याच्या आधी आईने माझ्या ताटात वरण वाढलं.

"बोलते ते," ती बाबांना म्हणाली. "त्या दिवशी म्या भिंतीले लागून उभी होती. सगळं आयकू येत होतं."

मला हे ठाऊक नव्हतं. मी आईकडे बघितलं, पण ती वाटी घेऊन बाबांकडे वळली होती.

"तुले इंग्रजी कवापासून समजते?" बाबा म्हणाले.

"समजत नाही. पण बोलून राह्यली होती न."

बाबांनी घास खाल्ला. पाणी प्यायले. मग म्हणाले, सकाळी स्टँडवर जातो, तारेवाला कोण आहे ते विचारून येतो. आत्याला फोन करायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं.

"तुह्यं तूच सांग," ते म्हणाले.

मी जेवण झाल्यावर हात धुतले आणि फोन लावला.